फिरंग
यूरोपीय पाते व भारतीय मूठ असलेली सरळ, लांब तलवार. सोळाव्या-सतराव्या शतकांत अशी पाती पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून दख्खनमध्ये येत व मूठ येथील कारागीर बसवीत. त्यामुळे एकाच शस्त्राचे मूळ दोन ठिकाणी शोधावे लागते. पात्यावरील मुद्रा हा पहिला पुरावा. तथापि तो फसवा असतो. धावत्या लांडग्याची खूण मूळची पासाउची, परंतु झोलिंगेनच्या लोहारांनीही ती वापरली. आंद्रेआ फेरारा या इटालियन कारागिराचे नावही असेच अनेकांनी उचलले. भारतीय लोहारांनी या खुणांच्या नकला केल्या. त्यांतील अक्षरे पुष्कळदा निरर्थक उतरली आहेत. मुठीवरून फार तर ती बसविणाऱ्यांचा प्रदेश कळतो, आणि मुठी बदलल्याही जात.

कोरीव लेखही जपून वाचावा लागतो. बीकानेरच्या शस्त्रागारातील अनेक शस्त्रांवर अदोनीचा उल्लेख आहे; तो घडणीचा नसून १६८९ मधील तेथील लुटीचा आहे. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजींनी १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली तलवार ब्रिटिश राजसंग्रहात आहे. तिच्या पात्यावर ‘आयएचएस’ ही ख्रिस्ती अक्षरे तीनदा उमटविलेली आहेत. ती शिवछत्रपतींची असल्याची परंपरा आहे. अक्षरांवरून पाते यूरोपीय ठरते, ते कोणी धारण केले हे ठरत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळविलेल्या रघूजी भोसले यांच्या फिरंगीबाबत ही अडचण कमी आहे. तिच्या यूरोपीय पात्याच्या पाठीवर त्यांचे नाव देवनागरीत, सोन्याच्या अक्षरांत आहे.