वऱ्हाडचा अर्जदार आणि विधिमंडळाचे कार्यालय

बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळा गावच्या रहिवाशाने आपले गाऱ्हाणे कायदे करणाऱ्या सभेपर्यंत न्यावयाचे ठरविले, तर त्याची गाठ प्रथम कोणाशी पडावी? प्रतिनिधीशी, हे उत्तर सहज सुचते. परंतु ते अपुरे आहे. सभासद निवडणुकीगणिक बदलतो. अर्ज नोंदवून घेणारा आणि तो नियमात बसतो की नाही हे पाहणारा कार्यालयीन सेवकवर्ग मात्र टिकून असतो. वऱ्हाडच्या राजकीय इतिहासात या वर्गाकडे द्यावे तितके लक्ष दिले गेलेले नाही.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १९०२ साली तो वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला व १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला. सार्वभौमत्व मात्र निजामाचेच मानले जाई. याचा परिणाम चमत्कारिक झाला. १९१४ साली मध्यप्रांताचे विधिमंडळ अस्तित्वात आले, तरी तेथे संमत झालेला कायदा वऱ्हाडास आपोआप लागू होत नसे, आणि वऱ्हाडने निवडलेला सभासद कायद्याच्या दृष्टीने सरकारनियुक्त ठरे. मतदारांनी निवडावे आणि सरकारने नेमावे! १९३५ च्या कायद्याने ही विसंगती दूर होईपर्यंत वऱ्हाडी अर्जदाराला सभेपेक्षा दप्तराचीच वाट अधिक चोखाळावी लागली असल्यास नवल नाही.

ते दप्तर तरी कोणाचे? केंद्रात विठ्ठलभाई पटेलांच्या आग्रहाने १९२९ साली विधानसभेचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. तोवर तेथील सेवकवर्ग सरकारी खात्याचाच भाग होता. सरकारविरुद्ध तक्रार घेऊन येणारा सरकारच्याच दारी उभा राही. पुढे राज्यघटनेच्या १८७ व्या अनुच्छेदाने राज्यांच्या विधिमंडळांसाठी स्वतंत्र सेवकवर्गाची तरतूद केली. तेव्हापासून अर्जदार व कार्यालय यांच्या संबंधाला निराळा अर्थ आला. सभागृहात मांडावयाचा विनंतीअर्ज सभासदामार्फतच जातो; परंतु त्याचे स्वरूप कसे असावे, कोणता विषय राज्याच्या कक्षेत येतो, हे कार्यालयातून कळू शकते. ही ओळख म्हणजे वशिला नव्हे. अधिकाऱ्याकडून पाठिंब्याची अपेक्षा धरणारा अर्जदार त्याची निःपक्षपाती भूमिकाच अडचणीत आणतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात गेला व नागपूरचे राजधानीपद संपले. राजधानीबरोबर वर्षानुवर्षांच्या परिचयाची कार्यालयेही दूर गेली. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरास भरविण्याचे मान्य झाले होते, आणि १९६० पासून तेथे हिवाळी अधिवेशन भरू लागले. या अधिवेशनाची चर्चा बहुधा विदर्भाच्या मानापमानाच्या अंगाने होते. काही आठवड्यांपुरते का होईना, विधिमंडळाचे सचिवालय वऱ्हाडी माणसाच्या आवाक्यात येते, ही बाब त्या चर्चेत मागे पडते.

अधिवेशनकाळी निघणाऱ्या मोर्च्यांचा इतिहास मात्र सर्वपरिचित आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांची मागणी अनुसूचित जमातींमधील समावेशाची होती. त्या सूचीत फेरफार करण्याचा अधिकार घटनेने संसदेकडे ठेवला आहे, नागपुरास भरलेल्या सभागृहाकडे नव्हे.