आल्प्समधील 'पांढरे सोने'

विदर्भ-खानदेशात 'पांढरे सोने' म्हटले की डोळ्यांसमोर कापूस येतो. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात आणि स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात हाच शब्दप्रयोग बर्फासाठी रूढ आहे. दोन्हींत साम्य एवढेच, की पीक पदरात पडेपर्यंत कशाचीच शाश्वती नसते. मृगाचा पाऊस लांबला की आपल्याकडील शेतकऱ्याची नजर आभाळाला लागते. नोव्हेंबर सरत आला तरी हिमवर्षाव सुरू झाला नाही, की आल्प्सच्या खेड्यांतील हॉटेलमालक, स्कीइंगचे शिक्षक आणि रज्जुमार्गावरील कर्मचारी यांचीही तीच अवस्था होते. नाताळ, नववर्ष आणि फेब्रुवारीतील शालेय सुट्या या मोजक्या आठवड्यांवर अनेक गावांचे वर्षाचे अर्थकारण उभे असते.

फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्याजवळून निघून स्लोव्हेनियापर्यंत पसरलेली ही सुमारे १२०० किलोमीटर लांबीची पर्वतरांग फ्रान्स, मोनॅको, इटली, स्वित्झर्लंड, लिश्टेनस्टाइन, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया अशा आठ देशांत विभागलेली आहे. मराठी पर्यटकाला आल्प्स नवा नाही. ३४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोखचे रेल्वेस्थानक, टिटलिसचा फिरता रज्जुमार्ग आणि यश चोप्रा यांच्या चित्रपटांतील हिरवी कुरणे आता घरोघरच्या अल्बममध्ये पोहोचली आहेत. मात्र आपल्या सहली प्रामुख्याने मे-जून महिन्यांत निघतात. डिसेंबर ते एप्रिल या काळातील आल्प्स हे निराळेच जग आहे.

पैजेतून जन्मलेला हंगाम

दीडशे वर्षांपूर्वी येथील हिवाळा म्हणजे निव्वळ बंदिवास होता. गुरे गोठ्यात, माणसे चुलीपाशी आणि हॉटेले कुलूपबंद. ही रीत मोडल्याचे श्रेय सेंट मॉरिट्झ येथील हॉटेलचालक योहानेस बाडरुट यांना दिले जाते. १८६४ मध्ये त्यांनी उन्हाळा संपवून परतणाऱ्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, अशी कथा सांगतात. हिवाळ्यात परत या, येथील ऊन आवडले नाही तर प्रवासखर्च माझा, अशी ती पैज होती. पाहुणे आले आणि वसंत ऋतूपर्यंत राहिले. कथेवर मीठमसाला चढला असेलही, पण हिवाळी पर्यटनाचा उगम तेथे मानला जातो, हे खरे. पुढे १९२८ आणि १९४८ मध्ये याच गावी हिवाळी ऑलिम्पिक भरले. अशा पहिल्या स्पर्धा १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे झाल्या होत्या.

दावोसकडे माणसे आली ती मात्र मौजेखातर नव्हे. क्षयावर औषध नसलेल्या त्या काळात कोरडी, थंड हवा हाच उपचार समजला जाई. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल आपल्या आजारी पत्नीला घेऊन तेथे राहिला. नॉर्वेहून आलेल्या लाकडी पट्ट्यांवरून घसरण्याचा नाद त्याला लागला आणि मार्च १८९४ मध्ये ब्रांगर या स्थानिक बंधूंसोबत खिंड ओलांडून तो दावोसहून आरोसाला गेला. त्यावर त्याने लिहिलेल्या लेखामुळे इंग्रजी वाचकांना या खेळाची ओळख झाली.

नॉर्वेतील स्की लांब आणि सौम्य उतारांसाठी योग्य होत्या. आल्प्सच्या उभ्या कड्यांवर त्यांचा उपयोग होईना. ऑस्ट्रियातील लिलियनफेल्ड येथील माथियास झ्दार्स्की याने त्या आखूड केल्या, बूट पक्का बसेल अशी बांधणी शोधली आणि वळण घेण्याचे तंत्र १८९० च्या दशकात पुस्तकरूपाने मांडले. त्यानंतर आर्लबर्ग भागातील हान्नेस श्नायडर याने शिक्षणाची क्रमवार पद्धत बसविली. सांक्त आंतोन येथे १९२१ मध्ये त्याने सुरू केलेल्या शाळेतून ती जगभर गेली. नाझींनी १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत करताच श्नायडरला अटक झाली. पुढील वर्षी तो अमेरिकेस गेला आणि न्यू हॅम्पशायरमध्ये त्याने हीच विद्या शिकविली.

या इतिहासात भारताचाही एक धागा आहे. शर्यतींचे आधुनिक स्वरूप ठरविणारा अर्नोल्ड लन याचा जन्म १८८८ मध्ये मद्रासचा. त्याचे वडील तेथे मिशनरी होते. झेंड्यांच्या जोड्यांमधून कमीत कमी वेळात उतरण्याची 'स्लालम' शर्यत त्याने १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे आजच्या रूपात घेतली. त्याआधी १९११ मध्ये त्याने योजलेल्या उताराच्या शर्यतीचा चषक लॉर्ड रॉबर्ट्स यांनी दिला होता. कानपूरला जन्मलेले हे सेनानी १८८० च्या कंदाहार मोहिमेमुळे गाजले. परिणामी 'कंदाहार' हे अफगाण शहराचे नाव आल्प्समधील शर्यतींना चिकटले, ते आजतागायत. योगायोग असा, की कॉनन डॉयलने आपल्या डॉ. वॉटसनला जखमी केले तेही याच युद्धातील मैवंदच्या लढाईत.

नांगर धरून उतरणे

नवशिक्याला प्रथम शिकविली जाते ती नांगराची पद्धत. दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवली, की पाचरीसारखा आकार होतो. आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मंदावतो. वळायचे असल्यास एका पायावर भार द्यायचा. पाय समांतर ठेवून वळणे ही पुढची पायरी. पडताना ठरावीक जोर आला की बूट स्कीपासून आपोआप सुटतो. ही सोय येण्यापूर्वी पाय मोडणे हा खेळाचाच भाग समजला जाई.

उतारांना कठीणपणानुसार रंग दिलेले असतात. निळा सोपा, तांबडा मध्यम आणि काळा अवघड. फ्रान्समध्ये याखेरीज अगदी सोप्यासाठी हिरवा आहे. आर्लबर्गमधील जोडलेल्या उतारांची लांबी ३०० किलोमीटरच्या घरात आहे, तर फ्रान्सच्या 'त्रुआ व्हॅले' या तीन खोऱ्यांत ती ६०० किलोमीटरच्या आसपास जाते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे वर्तनाचे दहा नियम १९६७ पासून आहेत. त्यांतील महत्त्वाचा नियम असा, की मागून म्हणजे वरून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचे. धडक झाल्यास न्यायालयेही या नियमांचा आधार घेतात. आखलेला मार्ग सोडण्याचा धोका किती, हे २९ डिसेंबर २०१३ रोजी साऱ्या जगाला दिसले. फॉर्म्युला वनचा विश्वविजेता मायकेल शूमाकर मेरिबेल येथे दोन आखीव उतारांमधील भागात खडकावर आदळला. हेल्मेट असूनही त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली.

स्कीइंग न करणाऱ्यांनाही येथे काम उरते. ग्रिंडेलवाल्डच्या वर फाउलहॉर्नपासून १५ किलोमीटरची घसरगाडीची वाट आहे. सेंट मॉरिट्झच्या गोठलेल्या तलावावर घोड्यांच्या शर्यती भरतात. ऑस्ट्रियाच्या वाइसनझे तलावावर तर डच लोक २०० किलोमीटर स्केटिंग करायला येतात, कारण त्यांच्या मायदेशातील कालवे पुरेसे गोठेनासे झाले आहेत. तेथील प्रसिद्ध अकरा शहरांची शर्यत १९९७ नंतर झालेलीच नाही.

डोंगर सुटतो तेव्हा

या सगळ्या आनंदावर एक सावट कायम असते, ते हिमस्खलनाचे. बर्फ थरांनी साचतो. एखादा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा राहतो. त्यावर वाऱ्याने आणलेला बर्फ घट्ट लादीसारखा बसतो. वरून पाहणाऱ्याला सारे सारखेच शुभ्र दिसते. अशा उतारावर एका माणसाचे वजन पडले तरी खालचा थर ढासळतो, लादीला तडा जातो आणि शेकडो मीटर रुंदीचा पट्टा एकदम सुटतो. ३० ते ४५ अंशांचे उतार यासाठी सर्वाधिक धोक्याचे असतात. दुर्दैवाने स्कीइंगसाठी मनाला भुरळ घालतात तेही हेच. बळी पडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत हिमस्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्याने सुरू केलेले असते. आल्प्समध्ये यात दरवर्षी सरासरी सुमारे शंभर जण प्राण गमावतात.

घसरून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो. गाडलेल्या माणसाला बोटही हलविता येत नाही. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहांत नऊ वाचतात. त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने कोसळते, कारण श्वास कोंडतो. हेलिकॉप्टर कितीही तत्पर असले तरी एवढ्या वेळात क्वचितच पोहोचते. जीव वाचवितात ते सोबतीच. म्हणून आखीव मार्गाबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ संकेत देणारे व शोधणारे यंत्र, लांब सळई आणि फावडे या तीन वस्तू असाव्यात, असा दंडक आहे. एकाजवळ असून भागत नाही.

१९५०-५१ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेहून अधिक माणसे हिमस्खलनांत दगावली आणि उतारांवर संरक्षक कठडे उभारण्याच्या कामाने वेग घेतला. तरीही फेब्रुवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रियाच्या पाझनाउन खोऱ्यात अनर्थ घडलाच. कित्येक दिवस अविरत बर्फ पडत होता. रस्ता बंद झाल्याने हजारो पर्यटक अडकले होते. २३ तारखेच्या दुपारी गाल्ट्यूर गावावर डोंगर सुटला आणि सुरक्षित समजल्या जाणाऱ्या भागातील घरांतही बर्फ घुसला. तेथे ३१ आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाल्त्सुर वस्तीत सात जणांचा मृत्यू झाला. गाल्ट्यूरने नंतर भक्कम भिंत उभारली आणि तिला लागूनच या आपत्तीचे संग्रहालय केले.

दावोस येथील हिम व हिमस्खलन संशोधन संस्था १९४५ पासून धोक्याचे वार्तापत्र प्रसिद्ध करते. १९९३ पासून युरोपभर एक ते पाच अशी समान श्रेणी वापरात आहे. गंमत नव्हे, पण विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे सर्वाधिक मृत्यू चार-पाचला नव्हे, तीन क्रमांकाच्या इशाऱ्याला होतात. चारला माणूस घरी बसतो. तीनला 'मधलाच तर आहे' असे म्हणून निघतो. जुन्या लोकांचा इलाज जंगल हा होता. आंडरमाट गावाने डोक्यावरील रान तोडण्यास १३९७ मध्येच बंदी घातली. आपल्याकडील देवराईत कुऱ्हाड चालत नाही ती देवाच्या धाकाने. तेथे धाक डोंगराचा होता. हिमस्खलनाला तोंड देण्याच्या या ज्ञानपरंपरेचा युनेस्कोने २०१८ मध्ये वारशाच्या यादीत समावेश केला.

यंत्राचा बर्फ

बर्फाची टंचाई आजची नाही. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकच्या वेळी उतार उघडे पडले. तेव्हा ऑस्ट्रियन सैनिकांनी उंचावरून ४० हजार घनमीटर बर्फ आणि घसरगाडीच्या मार्गासाठी बर्फाच्या २० हजार विटा वाहून आणल्या. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा पहिला खेळाडू उतरला तोही याच स्पर्धेत. जेरेमी बुजाकोव्स्की हे त्याचे नाव.

आता ते काम तोफा करतात. दाबाखालील हवा आणि पाणी यांचा फवारा थंड हवेत सोडला की थेंब जमिनीवर येईपर्यंत गोठतात. मात्र हवा शून्याखाली दोन-चार अंश आणि बऱ्यापैकी कोरडी हवी. इटलीतील सुमारे नव्वद टक्के उतारांवर ही सोय आहे, ऑस्ट्रियात सत्तर टक्क्यांवर, तर स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून थोड्या अधिक उतारांवर. त्यासाठी डोंगरात तळी खोदावी लागतात, वीज खर्ची पडते आणि तिकीट महागते. दावोसला याहून साधी युक्ती आहे. हिवाळ्यातील बर्फाचा ढीग लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि ऑक्टोबरअखेर तोच पसरून मैदानी स्कीइंगची वाट सुरू करतात. आपल्याकडे बर्फाच्या लाद्या भुशात ठेवत, त्यातलाच हा प्रकार.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्सचे तापमान सुमारे दोन अंश सेल्सिअसने, म्हणजे जागतिक सरासरीच्या जवळजवळ दुपटीने वाढले आहे. ओईसीडी या संघटनेने २००७ मध्ये ६६६ स्की-क्षेत्रांचा अभ्यास केला. त्यांपैकी ६०९ ठिकाणी नैसर्गिक बर्फाची खात्री होती. आणखी दोन अंशांनी ही संख्या ४०४ वर आणि चार अंशांनी २०२ वर येईल, असे त्यात म्हटले होते. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतच स्विस हिमनद्यांचे दहा टक्के आकारमान वितळून गेले. कमी उंचीवरील गावांसमोरचा प्रश्न अधिक रोकडा आहे. तोट्यातील रज्जुमार्ग चालवायचे की मोडीत काढायचे? फ्रान्समधील ग्रां प्यूई या छोट्या केंद्राबाबत २०२४ मध्ये ग्रामस्थांनीच मतदान करून ते बंद करण्याचा कौल दिला.

हिवाळी सहलीचा बेत करणाऱ्या मराठी पर्यटकांनी जानेवारीअखेर ते मार्चमध्यापर्यंतचा काळ आणि शक्यतो १८०० मीटरहून उंच गाव निवडावे. फेब्रुवारीतील युरोपीय शालेय सुट्यांत दर चढे असतात. बूट व स्की तेथेच भाड्याने मिळतात. पहिले तीन दिवस शिक्षकाशिवाय उतारावर जाऊ नये. प्रवासविम्यात हिवाळी खेळांचा समावेश आहे ना, हे लेखी तपासावे. कित्येक विम्यांतून आखीव मार्गाबाहेरील अपघात वगळलेले असतात, आणि हेलिकॉप्टरचा खर्च मोठा असतो. इटलीत उतारावर जाणाऱ्यास तृतीय पक्ष विमा २०२२ पासून सक्तीचा आहे. अडचणीच्या वेळी युरोपभर ११२, ऑस्ट्रियाच्या डोंगरांत १४० आणि स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचाव सेवेसाठी १४१४ या क्रमांकांवर दूरध्वनी करावा.