हौशी वैमानिक आणि खिशातले होकायंत्र

विमान उडविण्याची विद्या आणि विमान ठरल्या ठिकाणी नेऊन पोचविण्याची विद्या या दोन भिन्न विद्या होत. पहिली हातापायांची, दुसरी हिशोबाची. पहिली साधलेला मनुष्य यंत्र आकाशात सावरून धरील. परंतु दुसरी अवगत नसेल तर तासाभराने आपण कोठे आहोत हे त्याला सांगता यावयाचे नाही, आणि टाकीतील पेट्रोल तर त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबत नाही. मोठ्या कंपन्यांच्या लांब पल्ल्याच्या विमानांत या दुसऱ्या विद्येसाठी एके काळी स्वतंत्र अधिकारी असे. स्वतःच्या हौसेने व स्वतःच्या खर्चाने एकट्याने उडणाऱ्या खासगी वैमानिकाला मात्र एका हाताने विमान सांभाळीत दुसऱ्या हाताने हा हिशोब करावा लागे. त्याच्या त्या दुसऱ्या हातात प्रथम मुठीत मावणारे जीपीएस यंत्र आले आणि नंतर स्मार्टफोन आला. त्यायोगे त्याचे कोणते संकट टळले व कोणते नवे उभे राहिले, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ ही जुन्या वैमानिकाची तीन साधने. निघण्यापूर्वी नकाशावर रेघ ओढावयाची. वारा कोणत्या बाजूने व किती वेगाने वाहतो ते पाहून विमानाचे तोंड किती अंश वळते ठेवावयाचे ते ठरवावयाचे. आणि मग अमुक मिनिटांनी नदी, तमुक मिनिटांनी रेल्वेचा पूल दिसला पाहिजे, असा ताळा जमवीत पुढे जावयाचे. दिशेत एका अंशाची चूक झाली तर साठ मैलांवर विमान सुमारे एक मैल बाजूला गेलेले असते. वारा बदलला, ढग खाली आले, की हा हिशोब बघता बघता विसकटे.

अशाच साधनांवर १९३० साली हिंदी तरुणांनी कराची आणि इंग्लंड यांमधील अंतर तोडले. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला होता. भारतात दिलेला तो पहिला परवाना. पुढे इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील मार्ग एकट्याने प्रथम उडून जाणाऱ्या हिंदी वैमानिकास आगाखान यांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले. टाटा कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर हा कोवळा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमधील अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली, तेव्हा इंजिनिअर ठिणगी-प्लगांवाचून अडले होते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. स्पर्धा इंजिनिअर यांनी जिंकली. हेच अस्पी इंजिनिअर १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. ही कथा औदार्याची म्हणून सांगितली जाते व ते योग्यच आहे. परंतु हजारो मैलांची ती वाट या तरुणांनी मुख्यतः नकाशा, होकायंत्र व डोळे यांच्या भरवशावर काढली, हेही विसरता कामा नये.

खाली जमीन असली तर नदी आणि रूळ सोबतीला असतात. समुद्रावर तेही नाहीत. १९३१ साली फ्रान्सिस चिचेस्टर या इंग्रज गृहस्थाने आपल्या लहानशा जिप्सी मॉथ विमानातून न्यूझीलंड ते ऑस्ट्रेलिया हा समुद्र एकट्याने, टप्प्याटप्प्याने ओलांडला. वाटेत नॉरफोक आणि लॉर्ड हाऊ ही दोन इवलीशी बेटे गाठणे भाग होते. ती चुकली तर पेट्रोल संपून समुद्रात पडण्यावाचून गत्यंतर नव्हते. विमान चालवीत असतानाच सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजावयाची व गणित करावयाचे, अशी ही कसरत होती. त्याने योजलेली युक्ती मोठी मार्मिक आहे. तो बेटाच्या रोखाने नीट जातच नसे. मुद्दाम एका बाजूला जात असे. सूर्यावरून काढलेली रेषा गाठली, की बेट कोणत्या हाताला आहे याविषयी त्याला शंका उरत नसे. सरळ जाऊन बेट दिसले नसते, तर डावीकडे वळावे की उजवीकडे, हे कोणी सांगितले असते? आपल्या साधनांत चूक असणारच हे मान्य करून त्या चुकीलाच त्याने कामाला जुंपले.

साधन अधिक प्रगत असले म्हणजे संकट टळतेच असे नाही, हे १९३७ साली दिसून आले. अमेलिया इअरहार्ट ही विख्यात अमेरिकन वैमानिक आणि तिचा मार्गदर्शक फ्रेड नूनन हे २ जुलै रोजी प्रशांत महासागरातील हाऊलंड हे सुमारे दीड मैल लांबीचे बेट शोधीत होते. विमानात बिनतारी यंत्र होते. मदतीसाठी इटास्का हे जहाज बेटाजवळ उभे होते. तिचा आवाज जहाजावर स्पष्ट ऐकू येत होता. जहाजाचे बोलणे मात्र तिच्यापर्यंत पोचत नव्हते. ते विमान पुन्हा कोणाला दिसले नाही.

पुढे जमिनीवरील रेडिओकेंद्रांवरून दिशा दाखविणारी यंत्रे विमानांत बसू लागली. ती चांगली होती. पण महागही होती, आणि डोंगराआड किंवा अगदी खालून उडणाऱ्यास त्यांचा संदेश नीट मिळत नसे. खरा पालट घडविणारी विद्या अमेरिकेच्या सैन्याने १९७३ पासून हाती घेतली आणि तिचा पहिला उपग्रह १९७८ साली आकाशात गेला. हीच जीपीएस. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा प्रत्येक उपग्रह आण्विक घड्याळाने मोजलेली वेळ सतत प्रसृत करीत असतो. ती पोचण्यास किती क्षणांश लागला यावरून त्या उपग्रहाचे अंतर कळते. तीन अंतरांवरून स्थान ठरते. चौथे हातातील यंत्राच्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी लागते. वेळेचा हा हिशोब इतका सूक्ष्म आहे, की उपग्रहांवरील घड्याळे आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, तीही चूक दुरुस्त करावी लागते.

सैन्याची ही विद्या सामान्यांस खुली होण्याशी एका भीषण दुर्घटनेचा संबंध आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन कंपनीचे सोलकडे निघालेले प्रवासी विमान वाट सोडून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच महिन्यात अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जीपीएस जगातील नागरी वाहतुकीस उपलब्ध करून देण्याचे जाहीर केले. परंतु या घटनेतील खरा बोध १९९३ सालच्या आंतरराष्ट्रीय चौकशीने पुढे आणला. त्या विमानात स्थान सांगणारी उत्तम यंत्रे होती. विमान मात्र त्यांच्या सांगण्याप्रमाणे चालत नव्हते, कारण स्वयंचालक यंत्रणा केवळ होकायंत्राच्या दिशेवर राहून गेली होती. पाच तासांहून अधिक काळ हे कोणाच्या ध्यानात आले नाही. यंत्र होते, ताळा पाहणारा नव्हता.

हातात धरण्याजोगी जीपीएस यंत्रे बाजारात येऊ लागली ती १९८९ मध्ये, मॅगेलन कंपनीच्या नॅव्ह १००० पासून. १९९३ च्या सुमारास गार्मिन कंपनीचे जीपीएस ९५ हे विमानतळांची माहिती पोटात साठविलेले यंत्र वैमानिकांच्या हाती पडले. त्या काळी सामान्य नागरिकांच्या यंत्रांत अमेरिकन सरकार मुद्दाम सुमारे शंभर मीटरपर्यंतची चूक ठेवीत असे. मे २००० मध्ये ती बंद करण्यात आली. या यंत्रांवर जवळचे विमानतळ दाखविणारी एक कळ असे. इंजिन कुरकुरू लागले असता ती दाबली, की दिशा व अंतर तत्काळ समोर येई. ज्याने खराब हवेत मांडीवर नकाशा पसरून विमानतळ शोधला असेल, त्यालाच या एका कळीचे मोल कळेल.

जुलै २००८ मध्ये आलेल्या आयफोनात जीपीएस होते. २०१० साली आयपॅड आला आणि फोरफ्लाइटसारख्या कार्यक्रमांनी नकाशे, विमानतळांचे आराखडे व हवामान एका पाटीवर आणून ठेवले. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्ससारख्या मोठ्या कंपनीनेही कागदी नकाशांच्या जड पिशव्यांऐवजी हीच पाटी वापरण्यास आरंभ केला. गरीब हौशी वैमानिक आणि धनाढ्य कंपनी यांच्या हातात एकच साधन असावे, ही विमानविद्येच्या इतिहासातील विरळा घटना होय.

आज वाट चुकणे म्हणजे केवळ डोंगरावर आदळण्याची भीती नव्हे. आकाशात न दिसणाऱ्या सीमारेषा आहेत. ११ मे २००५ रोजी पेनसिल्व्हेनियाहून नॉर्थ कॅरोलायनाकडे निघालेले एक दोन आसनी सेसना विमान वॉशिंग्टनच्या निषिद्ध प्रदेशात शिरून व्हाइट हाउसपासून सुमारे तीन मैलांवर आले. लढाऊ विमाने धावली. संसदभवनातील माणसे जीव मुठीत धरून बाहेर पळाली. अशा सीमा फोनच्या पडद्यावर रंगीत रेघांनी उमटतात, आणि त्या ओलांडण्यापूर्वी वैमानिकास इशारा मिळतो. हा उपकार लहान नाही.

तथापि खिशातील या मार्गदर्शकाचे स्वभावदोषही ओळखले पाहिजेत. जीपीएसला मोबाइलचा मनोरा लागत नाही. नकाशे मात्र जमिनीवर असतानाच उतरवून घ्यावे लागतात, अन्यथा कोऱ्या पडद्यावर विमानाचे चिन्ह तेवढे सरकत राहते. केवळ वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतेच. ही उपकरणे ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेसाठी बनविलेली असतात. काचेखालच्या उन्हात तापली की ती आपणहून बंद पडतात. पडद्यावरचे पावसाचे चित्रही जुने असू शकते. दाखविलेल्या वेळेपेक्षा ते पंधरा-वीस मिनिटांनी शिळे असण्याचा संभव आहे, असा इशारा अमेरिकेच्या अपघातचौकशी मंडळाने जून २०१२ मध्ये दिला. वादळ तेवढ्या अवधीत कितीतरी मैल सरकलेले असते. शिवाय उपग्रहांचा संदेश अत्यंत क्षीण असल्यामुळे तो सहज दडपता येतो. २०२४ च्या एप्रिलअखेर एस्टोनियातील टार्टू येथे जीपीएसमध्ये आलेल्या व्यत्ययापायी फिनएअरला आपली विमाने महिनाभर बंद ठेवावी लागली. जीपीएसवाचून उतरण्याची सोय झाल्यावरच ती पुन्हा सुरू झाली.

म्हणूनच अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परीक्षेत खुणा पाहून वाट काढणे व वेळ-दिशेच्या हिशोबाने स्थान ठरविणे हे विषय अद्याप ठेवलेले आहेत. त्यात जुन्याचा हट्ट नाही. चिचेस्टर आपल्या साधनाची चूक ओळखून होता, म्हणून त्याला बेट सापडले. कोरियन विमानातील चालकांनी साधनाचे ऐकले आहे असे गृहीत धरले, म्हणून ते वाट चुकले. फोन ‘तू येथे आहेस’ असे सांगतो आणि बहुधा खरेच सांगतो. परंतु घड्याळाप्रमाणे आता खाली नदी दिसावयास हवी होती, ती का दिसत नाही, हा प्रश्न फोन विचारीत नाही. तो विचारण्याचे काम वैमानिकाचे आहे, आणि ज्याने हिशोब ठेवला असेल त्यालाच तो विचारता येतो.