धर्मांतराचे देणे

एकोणिसाव्या शतकात मराठी मुलुखात ज्या मोजक्या उच्चवर्णीयांनी ख्रिस्ती धर्म पत्करला, त्यांच्या चरित्रांत हौतात्म्याच्या रोमहर्षक कथा शोधणाऱ्याची बहुधा निराशाच होते. कारण येथे कोणाला सुळावर चढविले गेले नाही, आणि कंपनी सरकारच्या अमलात बाप्तिस्मा घेणे हा गुन्हाही नव्हता. जे मोजावे लागे ते पाणवठ्यावर, पंक्तीत आणि वारसाहक्काच्या दाव्यात. आणि त्यातला पुष्कळसा वाटा धर्म सोडणाऱ्याऐवजी न सोडणाऱ्याच्याच माथी आला.

१८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेतील नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला, आणि त्याचा धाकटा, अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला, तेव्हा वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेऊन मुलाचा ताबा मिळविला. कायद्याचे काम येथे संपले, पण पेच येथूनच सुरू झाला. श्रीपतास बाप्तिस्मा मिळालेला नव्हता. तथापि तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता, आणि तेवढ्याने तो जातीबाहेर गेला, असे सनातनी शास्त्रीमंडळींचे म्हणणे पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे असा पक्ष उचलला, तेव्हा ब्रह्मवृंदात दोन तट पडले आणि बाळशास्त्र्यांसारख्या विद्वानावरही रोष ओढवला. ज्या समाजाला मुलाचे धर्मांतर इतके झोंबले, त्यालाच परत आलेले मूल घरात घेणे त्याहून जड जावे, यातला विरोध कोणाच्या ध्यानात आला नसेल असे नाही. पण ध्यानात येऊन उपयोग काय?

पुढे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत राखला. १८६६ च्या कायद्याने तर, बायको वा नवरा केवळ धर्मांतरापायी सहवास नाकारील, तर अर्ज-मुदतीचे सोपस्कार पार पाडून विवाह मोडण्याचीही वाट करून दिली.

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ही वाट त्यांना मोकळी होती. ते तिने गेले नाहीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन पंढरपूरला नातलगांच्या आश्रयाला राहिल्या, सवाष्ण असूनही नवऱ्यावाचून, आणि काही वर्षांनी नगरला पतीकडे आल्या त्याही आपले सोवळे सोबत घेऊनच : एकाच छपराखाली ख्रिस्ती यजमान आणि वेगळी चूल मांडून वेगळे पाणी भरणारी त्यांची ब्राह्मण पत्नी! या चुलीची कुचंबणा टिळकांच्या धर्मनिष्ठेच्या गौरवात सहसा नोंदली जात नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या आज्ञेने नव्हे. सोवळ्याओवळ्यावरचा विश्वास त्यांचा त्यांनाच उडाला, त्यानंतर.

मिशनच्या कुंपणातही टिळकांना पुरते स्वास्थ्य लाभले नाही. १९१७ साली, साठीकडे झुकलेल्या वयात, मिशनची बांधलेली नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र भक्तसंघ उभारला, म्हणजे संसाराचा नियमित पगार बंद केला. आणि दोन वर्षांनी ते निवर्तले. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात ही सारी देणीघेणी मांडली, आणि तीही अशा मिस्किलपणाने, की कित्येक ठिकाणी वाचक आधी हसतो आणि मग त्यांच्या घरातल्या ओढगस्तीची त्याला जाणीव होते.