आज्ञावलीची परीक्षा केव्हां करावी?

संगणकाच्या इतिहासांत आज्ञावली रचणाऱ्यांचीं नांवें पुष्कळ आढळतात. ती तपासणाऱ्यांचीं मात्र शोधून काढावीं लागतात. काम पुरें झाल्यावर दोष वेंचीत बसणारा तो परीक्षक, अशीच त्याच्याविषयीं प्रथम समजूत होती. त्यास योजनेच्या बैठकींत बोलावण्याचें कोणास सुचावें? परंतु ‘असें झालें तर काय?’ हा त्याचा प्रश्न आरंभींच ऐकून घेतला नाहीं, तर पुढील सारी तपासणी वरातीमागून घोडें ठरते. दोन अंतराळ-प्रवासांच्या हकीकती याची साक्ष देतात.

अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरींत अपोलो यानाच्या संगणकाची आज्ञावली तयार होत होती. या कामाचें प्रमुखपद पुढें ज्यांच्याकडे आलें, त्या मार्गारेट हॅमिल्टन आपल्या लहान मुलीस कधीं कधीं रात्रीं व सुटीच्या दिवशीं कामावर घेऊन जात. एकदां चंद्रयात्रेचें नकली उड्डाण चालू असतां त्या पोरीनें खेळतां खेळतां कळा दाबल्या, आणि उड्डाणापूर्वींच योजावयाचा ‘पी-०१’ हा कार्यक्रम भर प्रवासांत सुरू झाला. सारें कोलमडलें. प्रत्यक्ष अंतराळवीराकडून हें घडूं नये म्हणून आज्ञावलींतच बंदोबस्त करावा, असें हॅमिल्टनबाईंनीं सुचविलें. उत्तर मिळालें कीं, इतके तयार केलेले अंतराळवीर अशी चूक करणारच नाहींत! बाईंना केवळ एक सूचना लिहून ठेवण्याची मुभा मिळाली. डिसेंबर १९६८ मध्यें अपोलो-८ च्या प्रवासांत जिम लव्हेल यांच्या हातून नेमका तोच ‘पी-०१’ निवडला गेला, आणि ताऱ्यांचे वेध घेऊन यानाची दिशा पुन्हां निश्चित करावी लागली. बंदोबस्त मग मंजूर झाला. त्या मुलीची योग्यता एवढीच कीं, यंत्र कसें वापरावें हें तिला कोणीं शिकविलें नव्हतें; चांगल्या परीक्षकास हें अज्ञान मुद्दाम धारण करावें लागतें.

पुढें या विषयाला शास्त्राचें रूप येऊं लागलें. विन्स्टन रॉइस यांनीं १९७० च्या निबंधांत बजाविलें कीं, दोष अखेरच्या परीक्षेंत सांपडला तर आराखड्यापर्यंत मागें फिरावें लागतें. १९७६ सालीं आयबीएममधील मायकेल फेगन यांनीं आज्ञावली चालविण्यापूर्वीं तिच्या आराखड्याचीच कसून छाननी करण्याची रीत प्रसिद्ध केली.

तरीही याहून कडू प्रसंग युरोपावर आलाच. ४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतील कुरू येथून निघालेला पहिला एरियान-५ अग्निबाण सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झाला. त्याची दिशादर्शक आज्ञावली एरियान-४ वरून उचललेली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक. त्यासंबंधींचा आंकडा सोळा बिटांच्या जागेंत मावला नाहीं, आणि मुख्य व राखीव हे दोन्ही संगणक, आज्ञावली एकच असल्यामुळें, एकाच कारणानें बंद पडले. ज्या भागांत हा दोष होता, त्याचें एरियान-५ ला उड्डाणानंतर कांहींच प्रयोजन नव्हतें, हें तर विशेष! ज्याक-लुई लियोन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळास आढळलें कीं, या यंत्रणेच्या अपेक्षापत्रांत एरियान-५ च्या मार्गाचीं मानें घातलींच नव्हतीं. तीं घालूं नयेत यावर संबंधितांचें एकमत झालें होतें. जमिनीवर कृत्रिम संकेत देऊन चांचणी घेतली असती तर दोष उघड झाला असता, असेंही मंडळानें नमूद केलें.

परीक्षकांस बोल लावणें सोपें आहे. परंतु कागदावर जें मागितलेंच नाहीं, तें त्यांनीं कशावरून पडताळावें? ‘नव्या मार्गाचे आंकडे कोठें आहेत?’ हें विचारण्याची खरी वेळ अपेक्षापत्र लिहिलें जात असतांना होती, आणि तें विचारण्याचा अधिकार त्याच वेळीं परीक्षकास असावयास हवा होता, असें आमचें स्पष्ट मत आहे. अग्निबाणाबरोबर क्लस्टर नांवाचे चार शास्त्रीय उपग्रह गेले. ते पुन्हां बांधून २००० सालीं बायकोनूरहून सोयुझ अग्निबाणांनीं पाठवावे लागले.