दुर्बीण बांधणं हेही भौतिकशास्त्रच

रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्याविषयी आदराने बोलणारेही शेवटी एक शेरा मारतात: माणूस थोर, संघटक थोर, पण त्यांनी दुर्बिणी बांधल्या, भौतिकशास्त्र इतरांनी केलं. जुन्नर-आंबेगावच्या शिवारांतल्या जीएमआरटीच्या, म्हणजे त्यांनी उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, ताटल्या पाहिल्या की हे मत आणखी पक्कं होतं. जीएमआरटीजवळून पुणे-नाशिक रेल्वे नेण्याच्या वादात तर ‘हे सांगाडे उचलून दुसरीकडे न्या’ असंही ऐकू येतं. रेल्वेची गरज खरी आहे. पण यंत्र म्हणजे नुसतं लोखंड, ही त्यामागची समजूत मला मान्य नाही.

पूर्वपक्षाची सर्वांत बळकट बाजू आधी मांडतो. १९८० साली मॉस्कोतल्या एका प्रयोगाने न्यूट्रिनो या कणाला सुमारे ३० इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमान असल्याचा दावा केला. न्यूट्रिनो इतके जड असतील, तर विश्वात आधी हायड्रोजनचे अवाढव्य ढग बनले असावेत आणि त्यांचे तुकडे होऊन दीर्घिका जन्मल्या असाव्यात. हायड्रोजनची मूळची २१ सेंटिमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन आपल्यापर्यंत मीटरभर किंवा त्याहून लांब होऊन पोहोचते. तेच ढग शोधणं हे १९८०च्या दशकात आखलेल्या जीएमआरटीचं एक प्रमुख उद्दिष्ट होतं. मॉस्कोचा दावा टिकला नाही. प्रयोगशाळेतली आजची मर्यादा १ इलेक्ट्रॉनव्होल्टच्याही खाली आहे. ढगही सापडले नाहीत. मग प्रकल्प फसला, असं म्हणायचं का?

फसलं ते गृहीतक. आणि ज्या यंत्राची रचना कणभौतिकीतल्या एका प्रश्नाने ठरवली, त्याच्या निर्मात्याला भौतिकशास्त्राबाहेर कसं बसवणार? ४५ मीटर व्यासाच्या तीस ताटल्यांचंच पाहा. त्यांना भरीव पत्रा नाही. ताणलेल्या दोरांच्या आधारावर पोलादी तारेची जाळी आहे, १० ते २० मिलिमीटर चौकटीची. २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब लहरीला ही भोकं जवळजवळ जाणवतच नाहीत, वारा मात्र त्यांतून निघून जातो. वाऱ्याचा भार घटला म्हणून सांगाडा हलका झाला, आणि म्हणून भारताला तीस ताटल्या परवडल्या. तरंगलांबीचा विचार इथे खर्चाच्या हिशेबाआधी येतो. जागेचंही तसंच. जीएमआरटीचं खोडद गाव पुण्याला जवळ, पण शहरी रेडिओ-गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला. शिवाय चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला असल्यामुळे डोक्यावरचं आयनांबर तुलनेने शांत. ही निवडसुद्धा मोजमापाचाच भाग आहे.

अनेक ताटल्यांच्या अशा जाळ्यात अँटेना दूरदूर असतात. केबलची लांबी तापमानाने किंचित बदलली तरी लहरींची कला (फेज) बिघडते. ती मोजून दुरुस्त करण्याची युक्ती स्वरूप यांनी यांग यांच्यासह स्टॅनफर्डला काढली आणि १९६१ साली प्रसिद्ध केली. पुढे रेडिओ खगोलशास्त्रात ती सर्रास वापरली गेली.

तरीही कोणी म्हणेल की ही सगळी तंत्राची हुशारी झाली. त्याला माझं उत्तर उटी. १९७० साली तिथे ५३० मीटर लांबीची दुर्बीण सुरू झाली. ती ज्या डोंगरउतारावर आहे त्याचा कोन तिथल्या अक्षांशाइतका. त्यामुळे एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशातला स्रोत तासन्‌तास धरता येतो. चंद्राआड जाणाऱ्या रेडिओ स्रोतांचे सूक्ष्म आकार तिने मोजले. १९७५ साली स्वरूप आणि विजय कपाही यांनी त्यावरून दाखवलं की पूर्वीचे रेडिओ स्रोत आजच्यासारखे नव्हते. विश्व सर्व काळी सारखंच, हे सांगणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धान्ताला तो धक्का होता; आणि त्या सिद्धान्ताच्या बाजूने फ्रेड हॉइल यांच्यासोबत आपले जयंत नारळीकर उभे होते. विश्वाला इतिहास आहे की नाही, या वादात स्वरूप यांनी बांधलेलं यंत्र साक्षीला आलं. याला भौतिकशास्त्र म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

खोडदला तीच २१ सेंटिमीटरची लहर पुढेही कामी आली. २०२० साली आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी अद्ययावत जीएमआरटीवर ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीचा अणुरूप हायड्रोजन मोजला. ताऱ्यांच्या तेव्हाच्या जन्मदराने तो वायू एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता, आणि पुढे विश्वात ताऱ्यांचा जन्म मंदावण्याचं कारण हा तुटवडा असावा, असं त्यांनी दाखवलं.