पाच नावं पाठ, दहा नावं कुठंयत?

आजचा भाग छोटा आहे, पण विषय जड आहे.

मी खांडबाऱ्याचा. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात कुठल्याही पोराला विचारा, शिरीषकुमार कोण? लगेच सांगेल. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबार शहरात तिरंगा घेऊन मिरवणूक निघाली आणि इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता तेव्हा 15 वर्षांचा होता. त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास हेही गेले. ही पाच नावं आम्हाला शाळेतच पाठ होतात.

आता दुसरी तारीख सांगतो. 11 जुलै 1997, मुंबई. घाटकोपरला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागून रमाबाई आंबेडकर नगर आहे. गरीब, बहुतांश दलित वस्ती. पहाटे लोकांना दिसलं, की बाबासाहेबांच्या पुतळ्याला कुणीतरी चपलांचा हार घातलाय. लोक चिडून हायवेवर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि थेट गोळीबार झाला. दहा जण ठार झाले. बहुतेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या होत्या.

यातलं एक तरी नाव तुम्हाला येतं? शाळेत कुणी शिकवलं?

सरकारी बाजू अशी, की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने चौकशी केली आणि गोळीबार गरजेचा नव्हता असं सांगितलं. फौजदाराला जन्मठेप झाली ती 2009 मध्ये, म्हणजे तब्बल 12 वर्षांनी. पुढे हायकोर्टातून त्याला जामीनही मिळाला. त्या दुःखात शाहीर विलास घोगरे चार दिवसांत आपल्यातून गेले. आनंद पटवर्धन यांनी या सगळ्यावर 'जय भीम कॉम्रेड' ही फिल्म केली. बाकी शहर? त्याच हायवेवरून रोज ऑफिसला जातं.

मला वाटतं, सगळी गोम 'जमाव' या शब्दात आहे. 1942 च्या पोलिसांसाठीसुद्धा नंदुरबारची पोरं जमावच होती. आपण त्यांना नावाने हाक मारली, म्हणून ती आपली झाली. रमाबाई नगरच्या लोकांना मात्र आपण जमावच राहू दिलं. 'झोपडपट्टीत राडा झाला' एवढं म्हटलं की पुढे काही विचारावंच लागत नाही. मग 12 वर्षं लागली तरी कुणाला घाई नसते.

वस्तीतले लोक दरवर्षी 11 जुलैला जमून आपल्या माणसांना आठवतात. यंदा त्या दिवशी आपणही ती दहा नावं शोधून मोठ्याने वाचूया.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.